दोन बुट्ट्यांतल्या कांड्या

कांडी ओळखावी तर भरमूनेच, असं वडगावात कुणी म्हणत नसे; पण भरमू स्वतः म्हणे, आणि रोज म्हणे. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घातलेली कांडी कुणाच्या हातची, हे त्याला दोन-चार फेकींतच कळतं असा त्याचा दावा होता. तसं घरात त्याच्या मागासाठी कांड्यांवर सूत भरणारी होतीच कोण? मोठी मुलगी नागू आणि तिच्या पाठचा शामू. दोघं मागच्या पडवीत आपापला रहाट घेऊन बसत आणि भरलेल्या कांड्या आपापल्या बुट्टीत टाकत. दुसऱ्याच्या बुट्टीला हात लावायचा नाही, असा विणकरांच्या घरातला शिरस्ता. बुट्टी बघूनच तर पोराला शाबासकी मिळायची.

युरोपात दुसऱ्यांदा लढाई पेटली त्या साली नागूच्या बुट्टीतल्या कांड्या बिघडल्या. सूत कांडीवर सारखं पसरायला हवं, ते मध्येच एका जागी साचून टेंगूळ येई. धोटा धावता धावता त्या टेंगळापाशी सूत घसरे, गुंता होई, नाहीतर सरळ तुटे. शामूच्या बुट्टीतली कांडी मात्र शेवटच्या धाग्यापर्यंत गुमान सुटत जाई. भरमू शामूच्या पाठीवरून हात फिरवी आणि नागूच्या बोटांवर छडी मारी. पोरगी खालमानेने मार खाई. रडे तो शामू. भरमूला वाटे, पोरगं किती मायाळू.

शंका आधी पोरांच्या आईला, जयाबाईला आली. तिच्या माहेरी एका चुलतभावाला फेफरं यायचं. पडायला लागण्याआधी काही वर्षं तो असाच हातातलं काम करता करता हरवायचा. पोरीला मारू नका, डॉक्टरला दाखवा, असं तिने नवऱ्याला बजावलं.

भरमूने नागूच्या बुट्टीतली एक टेंगळाची कांडी कोटाच्या खिशात टाकली आणि तो पोरीला घेऊन बेळगावात हरिभाऊ डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. सगळंच फेफरं माणसाला जमिनीवर पाडत नाही. काही पोरं उघड्या डोळ्यांनी नुसती थांबतात, कधी एखादा हात आपोआप चालूच राहतो, आणि भानावर येतात तेव्हा आपण गेलो होतो हे त्यांना ठाऊकही नसतं. परदेशात आता डोक्यातल्या लहरी कागदावर उतरवणारं यंत्र निघालं होतं. त्यांनी टाकाने दोन रेघा काढून दाखवल्या. एक बारीक, सारखी. दुसरी तशीच जाता जाता एकाएकी उंच उठणारी, काही वेळ तशीच उसळत राहून पुन्हा बारीक होणारी. पहिली निरोगी पोराची, दुसरी या दुखण्याच्या पोराची. भरमूने खिशातली कांडी काढून दुसऱ्या रेघेशेजारी ठेवली. हे यंत्र आपल्या घरी आहेच की, असं त्याला वाटलं, आणि त्या काळजीतही त्याची छाती जराशी फुगली.

डॉक्टरांनी नागूला जोरजोराने श्वास घ्यायला लावले. असं केलं की दुखणं बहुधा समोर दिसतं, पण तिला काहीच झालं नाही. घरात आणखी पोर असेल तर त्यालाही आणा, असं ते म्हणाले.

"त्याला कशाला, साहेब? त्याच्या कांडीला एक बी टेंगूळ न्हाय," भरमू म्हणाला.

नागूने बापाकडे पाहिलं. खात्री होईपर्यंत पोरीला विहीर आणि विस्तव यांच्याजवळ जाऊ देऊ नका, एवढं सांगून डॉक्टरांनी त्यांना निरोप दिला.

घरी येताच भरमूने पाणी आणायचं काम नागूकडून काढून शामूला दिलं. तेव्हा मात्र नागू बापापुढे उभी राहिली.

"आप्पा, शामूला विहिरीवर धाडू नगा. त्या टेंगळाच्या कांड्या त्याच्या हायती. तुमी त्याला मारशीला म्हणून मीच माझ्या बुट्टीत टाकत हुते, आणि माझ्या कांड्या त्याच्या बुट्टीत."

भरमू संतापला. दुखणं लपवायला पोरगी धाकट्या भावाच्या अंगावर ढकलते, याची त्याला शिसारी आली. "मला कांडी वळकाय शिकवतीस व्हय गं?" एवढंच तो म्हणाला. शामूला समोर बसवून एक कांडी भरून घेतली असती तर सगळं उघड झालं असतं. पण ते त्याला सुचलं नाही, कारण त्याला शंकाच नव्हती.

सकाळी शामू घागर घेऊन निघाला. नागू त्याच्यामागे धावली, तेव्हा भरमूने तिला दंडाला धरून रहाटापुढे बसवलं. नंतर विहिरीवरच्या बायकांनी सांगितलं, पोरगं काठावर उभं होतं, हाक मारली तरी बोलेना, डोळे तर उघडे होते. मग त्याचं पाऊल पुढे पडलं. गड्यांनी उड्या टाकून त्याला वर काढलं, पण तोवर तो गेला होता.

सुतक फिटल्यावर भरमू पुन्हा मागावर बसला. आता कांड्या एकटी नागू भरत होती. पहिली कांडी शेवटपर्यंत सुटली. दुसरी सुटली. एकदा तरी सूत अडकावं, एकदा तरी तुटावं, म्हणून तो कासावीस होऊन धोटा फेकत राहिला. लुगडं पुरं झालं, एकही धागा तुटला नाही. नागू दारात उभी राहून बघत होती, पण बोलली नाही. ती एकदा बोलली होती.

भरमू उठला आणि त्याने खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून ती टेंगळाची कांडी काढली. शामूच्या हातची तेवढीच उरली होती. तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. इथे पोरगं हरवलं होतं. आणि इथे, टेंगूळ संपून सूत पुन्हा सारखं झालं होतं तिथे, ते परत आलं होतं. भरमू त्या जागेवर अंगठा ठेवून लहान पोरासारखा रडू लागला.