चेटकिणीची पोतडी

मी चेटकीण बोलतेय. घाबरू नका, उदगीरजवळच्या एका अंगणवाडीतली हातबाहुली आहे मी. मनीषाताईंनी जुन्या मोज्यात कापूस भरून मला शिवलं आणि शर्टाच्या गुंड्यांचे डोळे लावले. एक गुंडी मोठी, एक लहान. त्यावरून लेकरं हसतात, ते मला आवडत नाही.

माझ्या कमरेला एक पोतडी आहे. गोष्टीत मी लेकरांचं काहीतरी पळवते. कुणाचं हसू, कुणाची झोप. गोष्ट संपली की ताई पोतडी उलटी करतात, "घ्या ज्याचं त्याला," म्हणतात आणि मगच माझ्यातून हात काढतात. आमचा नेमच आहे तो.

एका सोमवारी मी चार वर्षांच्या धम्मप्रियाचा आवाज पळवला. तेवढ्यात दारात तपासणीच्या मॅडमची जीप थांबली. ताईंनी पोतडी उलटी न करताच मला घाईघाईने पत्र्याच्या पेटीत टाकलं, कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी त्या आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला लातूरला गेल्या. किल्ली त्यांच्या पर्समध्येच राहिली.

पेटीत मी एकटी नव्हते. पोतडीत कुणीतरी बडबडगीत म्हणत होतं, हळू आवाजात, तेच तेच. माझ्या पोटात नुसता कापूस, तरी तो उबदार झाला.

ताई परतल्या तेव्हा धम्मप्रियाचे वडील संघपाल तिला घेऊन उंबऱ्यात उभे होते.

"ताई, आठ दिस झाले, लेकरू बोलंना झालंय. दवाखाना केला. घसा चांगला हाय म्हनले."

मदतनीस नागुबाई म्हणाल्या, "खिचडी बी मागंना. नुसती पेटीकडं बघती."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेटी उघडली, पोतडी उलटी केली. "घ्या ज्याचं त्याला." काहीच झालं नाही. खरं सांगते, परत देणं माझ्या जिवावर आलं होतं. आजवर माझं स्वतःचं असं काही नव्हतंच.

मग ती पोर पुढे आली आणि तिने माझ्यात हात घातला. दुसऱ्या हाताने ती पोतडी चाचपू लागली. मला माझीच लाज वाटली.

"घे," मी म्हणाले. तिच्याच आवाजात. तिचं तोंड मिटलेलं होतं, ते तिघांनीही पाहिलं.

"पप्पा, घरी चल," धम्मप्रिया म्हणाली. संघपालांनी तिला उचललं आणि मागे न बघता ते निघाले.

आता कितीही घाई असली तरी ताई पोतडी उलटी करतात. तुम्हीही करा. लेकरांना हसवा, थोडं घाबरवा, पण गोष्ट अर्धी टाकून उठू नका. पेटीत फार सामसूम असते हो. पुन्हा कुणाचा आवाज माझ्याकडे राहिला, तर मी तो परत देईनच, असं मला आता सांगता येत नाही.