फटी नसलेलं घर

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तेव्हा कुठे नव्या घरातली शांतता मोडली.

फोम भरलेल्या पॅनेलचं हे घर नवऱ्याने स्वतः उभं केलं होतं, एकेक सांधा बुजवून. "पत्र्याच्या घरात कुडकुडायचात ना? आता बसा ऐटीत!" बायको-लेकीला म्हणाला होता. खरंच, थंडी दाराबाहेरच राहिली होती.

जुन्या घरात तो कामाला निघाला की लेक अंथरुणातूनच "टाटा" ओरडायची आणि तो कोपऱ्यावरून हॉर्न वाजवायचा. आजही ती बेंबीच्या देठापासून ओरडली. मग पातेल्यावरचं झाकण खडखडेपर्यंत मायलेकी दोघी श्वास रोखून कान देत राहिल्या.

"चल वेडाबाई, दूध पी." आईने तिला कुशीत ओढलं.

"आई, बाबांनी हॉर्न वाजवला असेल ना गं?"