शून्याचं दूध

पातेल्यावरचं झाकण खडखडलं तसं घर जागं झालं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. पांघरुणातूनच लेकीनं विचारलं, "साय मला ना?"

"तुलाच गं, सायबाई."

दूध मावशीच्या गाईचं, तांबडीचं. आई गेल्यावर मला मावशीनंच वाढवलं. आता माझ्या लेकीसाठी रोज लिटरभर दूध पाठवते आणि सोमवारी एक जास्तीची बाटली, माझ्या प्रयोगशाळेसाठी.

डेअरीत येणाऱ्या टँकरच्या दुधात जनावरांच्या औषधाचा अंश उरलाय का, ते आम्ही तपासतो. बारीक खळग्यांच्या प्लेटमध्ये दूध घालायचं, वर द्रावणं, मग धुवायचं आणि रंग चढायची वाट बघायची. दूध निर्मळ असेल तर निळा गडद होतो, औषध असेल तर फिका. पण गडद म्हणजे किती गडद? त्यासाठी एक खात्रीचं दूध लागतं. त्याला आम्ही 'शून्य' म्हणतो. आमचं शून्य म्हणजे मावशीची बाटली. "माझ्या तांबडीपुढे तुमचे टँकर काय!" असं ती येईल त्याला ऐकवायची.

त्या सोमवारी पडताळ्यासाठी लावलेलं, किटसोबत तयार आलेलं शून्य गडद निळं झालं. मावशीचं मात्र फिकं.

"हात चुकला असेल, परत लाव," आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

परत लावलं. परत फिकं.

"मावशी नापास!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. मला हसू येईना. सकाळी साय कुणी खाल्ली होती, ते मला ठाऊक होतं. हे औषध उकळून जात नाही, हेही.

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"मावशी, तांबडीला काही दिलंस?"

"कास सुजली होती गं. डॉक्टरनं सडात औषध सोडलं. म्हणाला, पाच दिवस डेअरीला घालू नका. थेंबभर घातलं नाही मी!"

"मग ते दूध?"

"तुमच्याकडेच की. चांगलं दूध ओतून देऊ? डॉक्टर डेअरीचं बोलला, घरचं कुठं काय बोलला?"

मग तीच बारीक आवाजात म्हणाली, "पोरीला काही होईल का गं?"

"होणार नाही बहुतेक. तिच्या डॉक्टरांना विचारते. पण आता पाठवू नकोस."

"आणि माझी बाटली?"

"तीही नको."

रजिस्टरमध्ये मावशीच्या दुधापुढे मी 'बाद' लिहिलं. इतक्या वर्षांत त्या रकान्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरी उरलेलं दूध मोरीत ओतलं. लेक दारात उभी राहून बघत होती.

"सांडलंस?"

"नाही, ओतलं. त्यात तांबडीचं औषध आहे. असलं दूध डेअरीला द्यायचं नसतं."

"हे मावशीआजीला माहीत होतं?"

"हो."

तिनं रिकामं पातेलं वाकून पाहिलं.

"मग मला का दिलं?"