लीलाबाईंच्या ओट्यावरची चकती

मी एक जुनी सागवानी चकती आहे. बिस्किटाएवढी. चांद्याच्या नथू सुताराने मला उरल्यासुरल्या तुकड्यातून घडवले, ते लीलाबाईंची भाडेकरू स्नेहल हिच्या हौसेपोटी.

मित्रांनो, पोकरच्या डावात एकासमोर पडून राहायचे, एवढेच माझे काम. ज्याच्यासमोर मी, त्याने सर्वांत शेवटी बोलायचे, म्हणजे काही लावायचे की नाही ते सांगायचे. डाव संपला की मी पुढच्याकडे सरके. रविवारच्या दुपारी ओट्यावर जांभळाची सावली हळूहळू फिरे, तिच्यासोबत मीही फिरे. स्नेहल, शेजारचे हनुमंतराव आणि लीलाबाई चिंचोके लावून खेळत. त्या तिघांभोवती फिरणारा चंद्रच आहोत आपण, असे मला वाटे.

लीलाबाईंना मात्र शेवटच्या पाळीचा कधी फायदा घेता आला नाही. हातात चांगली पाने असूनही त्या काही न लावता "ऱ्हाऊ द्या" म्हणत. मग पुढचे पान सगळ्यांना फुकटात दिसे आणि नेमक्या त्याच पानाने त्या हरत.

पुढे स्नेहलचे सूस गावी राहायला जायचे ठरले. अंगणातला काळू कुत्रा दोघींनी मिळून वाढवलेला. तो कुणाकडे राहणार?

"डावावर ठरवू. दोघीत जी जिंकंल, तिच्याकडं," लीलाबाईच म्हणाल्या.

त्या डावाला मी त्यांच्यासमोर होते. मधे सगळ्यांची सामाईक तीन पाने उघडली: बदामाची नव्वी, बदामाची दश्शी, किलवरचा गुलाम. लीलाबाईंच्या हातात आणखी दोन नव्व्या, म्हणजे एकूण तीन! पण मधल्या पानांचा असा पट भारी फसवा. एखादा बदाम आला, एखादे लागोपाठचे पान आले, की कुणाचेही नशीब उघडावे. हनुमंतराव काही न लावता थांबले, स्नेहलही थांबली. लीलाबाईंचा अंगठा माझ्या कडेवरून कितीतरी वेळ फिरत राहिला.

"पुढचं पान बघायचं का, मावशी?" स्नेहलने विचारले.

"न्हाई. फुकट न्हाई बघू द्यायची मी," म्हणत त्यांनी सगळे चिंचोके पुढे सारले.

हनुमंतरावांनी पाने टाकली. स्नेहलच्या हातात दोन बदाम होते. तिनेही सगळे लावले. चौथ्या पानाने काही बदलले नाही. मग अगदी शेवटचे पान उघडले. बदामाची सत्ती! स्नेहलचे पाच बदाम झाले, तीन नव्व्यांवर भारी.

"चुकलं का गं माजं?"

"नाही मावशी. बरोबर खेळलात. पान मला आलं."

"मग ने त्याला. पुन्यांदा हीच पानं आली तरी मी हेच करीन."

सकाळी काळू गाडीतून गेला. "दूध कोमट लागतं त्याला," लीलाबाईंनी दोनदा सांगितले.

आता मी खिडकीत धूळ खात पडले आहे. दोघांत डाव रंगत नाही. मित्रांनो, चांद्याला आलात तर मला पुसून घ्या, ओट्यावर बसा. आणि लीलाबाईंची पाळी आली की घाई करू नका. त्या बोलेपर्यंत थांबा.