आतली कडी

निधी आला! हो, खरंच आला! माणसं विकणाऱ्यांवरचे खटले चालवायला सरकारने पहिल्यांदा हात सैल सोडला, आणि मी, सरकारी वकील बाई, ऑफिसात चक्क नाचले. आजवर आमच्या साक्षीदार मुली आरोपीच्या शेजारच्या बाकावर ताटकळायच्या आणि आत गेल्या की मिठाची गुळणी धरायच्या. आता तळमजल्यावर साक्षीसाठी वेगळी खोली झाली. मुलगी तिथून कॅमेऱ्यासमोर बोलणार, वर न्यायाधीश ऐकणार, आणि आरोपीचं तोंडही तिला दिसणार नाही.

खोलीतली पहिलीच साक्ष आमच्या भिंगरीची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. तिला सख्ख्या मामाने विकलं होतं. ती बोलली नाही तर मामा सुटलाच, आणि घरी तिची धाकटी बहीण होती.

मी खाली गेले तर भिंगरी दारातच खांबासारखी उभी.

"ताई, मी नाही जाणार आत."

"का गं? सगळं ठरलंय ना आपलं!"

तिने बोट दाखवलं. दाराला कडी होती ती फक्त बाहेरून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोर्टातल्या कोठड्यांची दारं करणाऱ्या सुतारालाच हे काम दिलेलं, त्याने हाताच्या सवयीने कडी बाहेर ठोकली. आणि आम्ही सगळे शहाणे कॅमेराच बघत बसलो! मामाने तिला अशाच दाराआड कोंडलं होतं.

"सुतारदादा!" मी अशी ओरडले की वर खिडकी बसवणारे दादा धावतच आले. "अहो, हा काय तुरुंग आहे?"

त्यांनी दार पाहिलं, पोरीकडे पाहिलं, जीभ चावली. "चुकलं, बाई. आत्ता काढतो."

तेवढ्यात शिपाई आला. "साहेब खोळंबलेत."

"मग जरा आणखी खोळंबू देत!"

दादांनी कडी उखडली. "पोरी, कुठे लावू, सांग." तिने दाराच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं, तिथेच त्यांनी ठोकली. भिंगरीने ती लावली, काढली, पुन्हा लावून पाहिली. मग म्हणाली, "तुम्ही जा वर. मी बोलते."

मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत कोर्टात पोचले. पडद्यावर ती आणि सोबतीला बसलेल्या कारकूनबाई दिसल्या. कडी लागल्याचा खट्‌ आवाज आला आणि भिंगरी बोलायला लागली. गाडी, रस्ता, पैसे घेणारा मामा, सगळं सगळं! मामाच्या वकिलालाही ती पुरून उरली. मामाने मान खाली घातली. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या.

"झालं, बाळ. जा आता," न्यायाधीश म्हणाले.

कारकूनबाई उठून दाराकडे निघाल्या.

"थांबा," भिंगरी म्हणाली. "मी उघडते."