न खाल्लेल्या जिलब्या

पद्माकर खांबेट्यांच्या कमरेने वर्षभर त्यांचा नुसता छळ मांडला होता. उठताना, बसताना, शिंकताना डाव्या कुल्ल्यापासून थेट पोटरीपर्यंत अशी कळ जायची की फरीदाबादच्या त्यांच्या सोसायटीत फाटकापर्यंत जाऊन येणं ही एक मोहीम होऊन बसली होती. मणक्यातली चकती सरकून शीर दाबली गेली होती. शेक झाले, पट्टा झाला, व्यायाम झाले, आणि शेवटी डॉक्टर आहुजांनी मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं.

इथे खांबेट्यांची एक खोड सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. सगळी नोकरी दिल्लीच्या सरकारी बैठकांमध्ये काढलेल्या या गृहस्थांना एक कला अवगत होती. चेहरा लक्ष असल्यासारखा ठेवायचा, मधूनमधून मान हलवायची, 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणायचं आणि मनाने कुठेही भटकून यायचं. निवृत्तीच्या वेळी सरकारने गाडी काढून घेतली, ही कला मात्र त्यांच्याकडेच राहिली.

इंजेक्शनच्या आधी डॉक्टर आहुजा त्यांना समोर बसवून बराच वेळ काहीतरी समजावत होते. त्यांच्या पत्नी विनयाताई तेव्हा खाली औषधं आणायला गेल्या होत्या. खांबेटे सुई केवढी असेल याचा विचार करत होते.

"समझ गए ना, खांबेटेजी?"

"बिल्कुल, बिल्कुल," खांबेटे म्हणाले आणि दाखवतील तिथे सही करून मोकळे झाले.

इंजेक्शनचं म्हणाल तर ते त्यांना धैर्य दाखवायची संधी न देताच संपलं. पालथं झोपवलं, पाठ बधिर केली, पडद्यावर बघत बघत डॉक्टरांनी सुई आत नेली. पालथं असल्यामुळे आपलं रडवेलं तोंड कुणाला दिसत नाही, एवढंच त्यांना बरं वाटलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा कळ निम्म्याहून कमी झाली होती. आपण एवढे घाबरलो होतो हे त्यांनी लगेच विसरून टाकलं आणि फोनवर दोघातिघांना इंजेक्शन घ्यायचा सल्लाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनयाताईंनी नेहमीप्रमाणे त्यांचं बोट टोचून साखर बघितली. एरवी एकशे तीस-चाळीसच्या आसपास असणारा आकडा दोनशे सत्तर झाला होता.

"अहो, काय खाल्लंत?"

आता या बाबतीत खांबेट्यांचा पूर्वेतिहास अत्यंत काळाकुट्ट होता. देवापुढचे पेढे, फ्रिजमागे लपवलेले लाडू, दुसऱ्याच्या नावावर मागितलेली रसमलाई, सगळं त्यांच्या नावे जमा होतं. पण या वेळी माणूस धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होता.

"काही नाही. तुझी शप्पथ!"

आणि आयुष्यात पहिल्यांदाच विनयाताईंनी त्यांच्यावर ताबडतोब विश्वास ठेवला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हणजे काही न खाता वाढली?"

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या दादाचा पाय साखरेने गेला होता, घोट्याच्या वरून कापावा लागला होता. त्यांनी नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला, तळवा बघितला, मग एकेक बोट बाजूला करून बोटांमधली जागा बघायला लागल्या. खांबेट्यांना ते बघवेना. या बाईसाठी आत्ता काय वाटेल ते करावं, असं त्यांना वाटलं, आणि जे सगळ्यात सोपं होतं ते त्यांनी केलं.

"जिलब्या खाल्ल्या," ते म्हणाले. "काल घरी आल्यावर तू देवळात गेलीस ना, तेव्हा वरचा इंद्रजित घेऊन आला होता. चार खाल्ल्या."

विनयाताईंच्या जिवात जीव आला. मग त्यांनी नवऱ्याची अशी काही खरडपट्टी काढली की बस्स. स्वैपाकघरात गेल्यावर त्या गुणगुणत होत्या. आपण किती थोर त्याग केला, या विचाराने खांबेट्यांचा ऊर भरून आला. थोडी शाबासकी मिळाली असती तर बरं झालं असतं, पण ती मागायची कुणाकडे?

पुढच्या सकाळी आकडा तीनशेच्या वर गेला. चार जिलब्यांमध्ये हे बसत नव्हतं. खर्च आधी करून कारण मागाहून जोडायची सवय खात्यात असतानाच झाली होती. त्यांनी रबडी जोडली. वाडगाभर.

"ती कुणी आणली?"

"इंद्रजितनेच."

इंद्रजित हा पुण्याहून नोएडाला नोकरीसाठी आलेला, वरच्या मजल्यावर राहणारा सालस माणूस. काकांच्या इंजेक्शनसाठी त्याने आपली गाडी काढली होती, दवाखान्यात दिवसभर थांबलाही होता. त्या संध्याकाळी तो दारात येऊन म्हणाला, "काकू, काका कसे आहेत? काही आणायचंय का?"

"पुष्कळ आणलंस," विनयाताई म्हणाल्या. "आता काही दिवस आला नाहीस तरी चालेल."

"अच्छा," इंद्रजित म्हणाला आणि थोडा वेळ तिथेच उभा राहून निघून गेला. आतल्या खोलीत खांबेट्यांनी सगळं ऐकलं. उठून दारात जायला कमरेची काही हरकत नव्हती. तरी ते पांघरूण ओढून पडून राहिले. स्वतःची त्यांना विलक्षण लाज वाटली.

तिसऱ्या सकाळी आकडा आणखी चढला. घशाला कोरड पडत होती, बाथरूमच्या फेऱ्या संपत नव्हत्या. विनयाताई यंत्र हातात धरून वाट बघत होत्या.

"बोला, काल काय खाल्लंत?"

त्यांच्या आवाजात राग कमी आणि आशाच जास्त होती. खांबेट्यांनी गाजरहलवा सांगितला, पण सांगताना त्यांची जीभ चाचरली. आता ते स्वतःच घाबरले होते. विनयाताई अंघोळीला गेल्यावर त्यांनी बाल्कनीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला.

"मैंने बताया तो था!" डॉक्टर आहुजा म्हणाले. "स्टेरॉइड से कुछ दिन शुगर बढ़ती है. आपको रोज़ मुझे रीडिंग भेजनी थी, मैं दवाई बढ़ा देता. आपने कहा था, बिल्कुल, बिल्कुल."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवून दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, संध्याकाळी पुन्हा आकडा कळवा म्हणाले. चार-सहा दिवसांत खाली येईल, असा धीरही दिला. खांबेट्यांना नाचावंसं वाटलं. विनयाताई बाहेर येताच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"वा!" विनयाताई म्हणाल्या. "खायचं तुम्ही आणि नाव इंजेक्शनचं?"

आता खरं बोललेलं पटेना. शेवटी त्यांनी डॉक्टरांना पुन्हा फोन लावून तो विनयाताईंच्या हातात दिला. विनयाताईंनी नीट ऐकलं, चार प्रश्न विचारले, गोळ्यांची नावं पुन्हा वदवून घेतली. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या,

"जिलब्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

"रबडी? हलवा?"

"काहीच नाही."

"मग म्हणालात का तसं?"

"तू माझा पाय घेऊन बसली होतीस," खांबेटे म्हणाले. "तुझी अवस्था बघवेना मला."

यावर बायकोच्या डोळ्यांत पाणी येईल अशी त्यांची अपेक्षा होती, खोटं कशाला बोला. पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

"दादाच्या वेळी वहिनी हेच करायची," विनयाताई म्हणाल्या. "आज भात जास्त झाला, काल लग्नात जेवले. रोज एक कारण. कारण मिळालं की आम्ही सगळे खूश. म्हणून तर डॉक्टरकडे जायला उशीर झाला. आणि तुम्ही मला तेच दिलंत? मी गाणी म्हणत होते हो स्वैपाकघरात!"

खांबेट्यांकडची तयार असलेली सगळी वाक्यं कुचकामी होती.

"चुकलो," ते म्हणाले.

विनयाताईंनी गोळी दिली, ती त्यांनी गिळेपर्यंत समोर उभ्या राहिल्या आणि पदराने डोळे पुसले.

"आता वर चला. तो कामावर जायच्या आत. जिना चढता येतो ना?"

"येतो."

"मग पुढे व्हा. मी मागे आहे, पण बोलायचं तुम्ही."

खांबेटे जिना चढायला लागले. एक पायरी, दुसरी, तिसरी, कुठे म्हणून काही दुखेना. निदान अर्ध्या जिन्यात तरी कळ यावी आणि कठड्याला धरून थोडं बसायला मिळावं, अशी वर्षभरात पहिल्यांदाच त्यांची मनापासून इच्छा होती. पण कंबर ठणठणीत होती, आणि इंद्रजितचं दार आलं.