भिंतीवरच्या गाई

ही पंचाहत्तर सालची गोष्ट. माझ्या एकुलत्या एक लेकीला, सुनेत्राला, दोन स्थळांकडून नकार आला, तेव्हा मी ठरवलं की दोष आमच्या भिंतीत आहे. बैठकीत नुसतं कॅलेंडर! हे शिकलेलं घर आहे, असं बघायला येणाऱ्यांना वाटणार तरी कसं?

सेलूला फ्रेमवाल्याकडे गेलो. सगळे देवच. कोपऱ्यात एकच विलायती देखावा होता. नदी, हिरवं रान, चरणाऱ्या गाई, झाडाखाली झोपलेला माणूस.

"लय मोठ्या चित्रकाराचा हाय, साहेब. अस्सल नक्कल!" तो म्हणाला. एसटीत मांडीवर धरून मानवतला घरी आणला.

"अहो, ह्याच्यात देव कुठं हाय?" आमच्या कुसुमनं विचारलं. मी कपाळाला हात लावला.

रविवारी सोनपेठचे लिंबाजीराव मुलाला घेऊन आले. मुलगा मास्तर, पण बापासमोर तोंड न उघडणारा. लिंबाजीराव हाडाचे शेतकरी. बसले ते चित्राकडे बघतच राहिले. मी मनातल्या मनात फुललो.

"गोविंदराव, गुरं पिकात शिरलीत की!"

"गवत हाय हो ते."

"चाळीस वर्षं रानात काढली म्या. पीक हाय. अन् राखणदार खुशाल झोपलाय!"

मी पत्रिकेचं काढलं, शिक्षणाचं काढलं. ते 'हूं' म्हणायचे आणि परत गाईंकडे बघायचे. पोहे गार झाले. तिसरा नकार, आणि तोही मी स्वतःच्या हातानं खिळा ठोकून टांगलेला!

सुनेत्रा चहा घेऊन आली. लिंबाजीरावांनी ना नाव विचारलं, ना स्वयंपाकाचं. सरळ चित्राकडे बोट केलं.

"पोरी, तू तिथं असतीस तर काय केलं असतंस?"

मी डोळे मिटले.

"आधी गाई हाकलल्या असत्या, मामा," सुनेत्रा म्हणाली. "त्याला मागून उठवलं असतं. आधी उठवलं, तर तो आळोखेपिळोखे देईस्तोवर पीक खल्लास."

लिंबाजीराव मांडीवर थाप मारून हसले. मास्तरही हसला, बापासमोर.

"पोरगी पसंत हाय!" म्हणत त्यांनी गार पोहे हाणले.

निघताना मात्र दारातून परत आले. "गोविंदराव, आंदण काय द्यायचं ते द्या. हे चित्र तेवढं देऊ नका. मला झोप लागायची न्हाई."

लग्न थाटात झालं. आता बैठकीत मी आणि तो झोपलेला माणूस उरलोय. गाई चरायलात. हाकलणारी सोनपेठला गेली.